रस्ता नसलेल्या स्टेशनाजवळचा पब

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, नॉरफोक परगण्यात, बर्नी आर्म्स नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. त्या स्टेशनाला गाडीरस्ता नाही. एक आखूड फलाट, नावाची पाटी आणि भोवती नजर पोचेल तिथवर गवत. गाडी पकडायची असेल तर फलाटावर उभं राहून चालकाला हात दाखवायचा, उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं. आपल्या एसटीचं 'हात दाखवा, बस थांबवा' इथं रेल्वेला लागू आहे. स्टेशनावरून गायरानातली पायवाट धरली की साधारण अर्ध्या मैलावर येअर नदी लागते. काठावर एक उंच पवनचक्की आहे आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर, नदीकडे तोंड करून, एक जुनं घर. त्या घराचंही नाव बर्नी आर्म्स. तो इथला पब.

जिथं रस्ता नाही, गाव म्हणावं अशी वस्ती नाही, तिथं पब चालला कसा आणि नंतर बंद का पडला, हे नीट समजून घेतलं तर ब्रिटनमधल्या खेड्यातल्या पबांचा बराचसा इतिहास समजतो. म्हणून हा एकच पब धरून सांगतो.

आधी शब्द. पुण्यामुंबईत पब म्हटलं की मोठ्या आवाजातलं संगीत आणि काचेचा दरवाजा डोळ्यांसमोर येतो. खेड्यातला इंग्लिश पब तसा नाही, आणि तो आपला गुत्ताही नाही. 'पब्लिक हाउस', म्हणजे सर्वांना उघडं असलेलं घर. मालक किंवा चालक वरच्या मजल्यावर राहतो, खाली शेकोटी, बाकं, बिअरचे नळ, दुपारचं जेवण. गावची बैठक तिथं, क्रिकेटचा संघ ठरतो तिथं, मयताहून परतल्यावर माणसं टेकतात तीही तिथं. आपल्याकडची चावडी, देवळासमोरचा पार आणि खानावळ एका छपराखाली आणली तर जे होईल, त्याच्या हे जवळ जातं. 'आर्म्स' म्हणजे हात नव्हे, हत्यारंही नव्हे. ते घराण्याचं चिन्ह, ढालीवर रंगवलेलं. ज्या जमीनदाराच्या जमिनीवर पब असे त्याचं चिन्ह पाटीवर येई. बहुतेकांना वाचता येत नव्हतं त्या काळात चित्राची पाटी हाच पत्ता. इथले जमीनदार बर्नी, म्हणून बर्नी आर्म्स.

आता जमीन. हा सगळा भाग म्हणजे खाजण. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही: समुद्राच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली सखल जमीन, मध्ये चर, आणि पाणी सतत उपसत राहिलं नाही तर पुन्हा दलदल. हे उपसण्याचं काम पवनचक्क्या करत. नदीकाठची बर्नी आर्म्सची चक्की सात मजल्यांची, सुमारे ७० फूट उंच, पाणी उपसणाऱ्या चक्क्यांत नॉरफोकमधली सर्वांत उंच. ती १८६५ साली बांधली गेली ती मात्र पाण्यासाठी नव्हे, सिमेंटसाठी. इथं सिमेंटचा कारखाना होता. चुनखडी आणि नदीतून उपसलेला गाळ एकत्र भाजायचा आणि त्याचे कडक झालेले गोळे चक्कीत दळायचे. कारखाना १८८०च्या सुमारास बंद पडला. मग तीच चक्की शेजारच्या मोठ्या चाकाला जोडली आणि ती खाजणाचं पाणी उपसू लागली, थेट १९४८पर्यंत.

म्हणजे एकोणिसाव्या शतकात इथं कामगार होते, आणि नदीवर नावाडी होते. रस्ता नसला तरी ही जागा आडवळणाची नव्हती, कारण रस्ता म्हणजे नदीच होती. नॉरिच शहर आणि ग्रेट यार्मथ बंदर यांच्यात कोळसा, धान्य, लाकूड, विटा असं सगळं सामान व्हेरी नावाच्या होड्यांतून जाई. व्हेरी म्हणजे एका मोठ्या काळ्या शिडाचा, उथळ बुडाचा पडाव. दोन माणसं ती चालवत. डोलकाठीच्या बुडाशी वजन बसवलेलं असे, त्यामुळे पूल आला की एवढी मोठी काठी सहज आडवी करता येई आणि पुलाखालून गेलं की पुन्हा उभी. या माणसांना तहान लागे, थंडी वाजे आणि बऱ्याचदा वाट पाहावी लागे. या वाट पाहण्याकडे पुन्हा वळू, कारण सगळी किल्ली तिथंच आहे.

१८४४ साली नॉरफोकमधला पहिला लोहमार्ग या गवतातून गेला. यार्मथ अँड नॉरिच रेल्वे, लांबी साधारण २० मैल. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन आणि अभियंता त्यांचा मुलगा रॉबर्ट. हाच रॉबर्ट स्टीफन्सन पुढे आपल्या जीआयपी रेल्वेचा लंडनमधला सल्लागार अभियंता झाला. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती यानंतर नऊ वर्षांनी. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्टेशनांमध्ये तारयंत्राने निरोप देऊन मार्ग मोकळा करायचा, ही पद्धत या मार्गावर अगदी सुरुवातीपासून वापरली गेली, आणि ती जगातल्या पहिल्या प्रयोगांपैकी होती.

मार्गासाठी जमीन हवी होती ती टॉमस ट्रेंच बर्नी यांची. त्यांनी जमीन विकली, पण अट घातली की इथं कायमचं स्टेशन हवं. कंपनीने स्टेशन बांधलं. काही वर्षांतच गाड्या तिथं थांबायच्या बंद झाल्या. कंपनीचं म्हणणं असं की करारात स्टेशन ठेवायचं लिहिलंय, गाडी थांबवायची कुठं लिहिलंय? वाद झाला आणि शेवटी ठरावीक गाड्या थांबवण्यावर तडजोड झाली. या गोष्टीवर लोक हसतात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. एका माणसाने कागदावर एक शब्द लिहून घेतला, आणि त्याच्या जोरावर हे स्टेशन आज पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकलं आहे. १८८३ साली ॲकल गावावरून यार्मथला जाणारा दुसरा, सोयीचा मार्ग सुरू झाला आणि बहुतेक गाड्या तिकडं वळल्या. १९६३ साली बीचिंग अहवालाने ब्रिटनमधली २,३००हून जास्त स्टेशनं बंद करायला सुचवली. हे सगळं होऊनही बर्नी आर्म्स राहिलं.

पबाला मात्र असा कागद कुणी दिला नव्हता. त्याच्याकडे जो कागद होता तो वेगळा होता: परवाना.

इंग्लंडमध्ये दारू विकायचा परवाना १५५२च्या कायद्यापासून स्थानिक न्यायाधीश देत. हे बहुतेक जमीनदार वर्गातले, गावची माहिती असलेले लोक. परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागे आणि तो नुसत्या घराला नव्हे, त्या घरातल्या त्या माणसाला मिळे. म्हणून आजही जुन्या पबांच्या दारावर परवानाधारकाच्या नावाची पट्टी दिसते. १८३० साली सरकारने धोरण उलटं केलं. दोन गिनी भरा आणि कर भरणाऱ्या कुणीही आपल्या घरात बिअर विका. उद्देश असा की लोक जिन सोडून बिअर पितील आणि मोठ्या दारूभट्ट्यांची मक्तेदारी मोडेल. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २४,००० नवी बिअरघरं उघडली. शेतमजूर, लोहार, सुतार यांनी घरातली पुढची खोली मोकळी केली आणि पिंप मांडलं. १८६९ साली ताबा पुन्हा न्यायाधीशांकडे गेला, तोवर खेडोपाडी पब झाले होते. रेल्वे पसरली तीही याच काळात, म्हणून 'रेल्वे इन', 'स्टेशन हॉटेल', 'रेल्वे टॅव्हर्न' ही नावं गावोगावी सापडतात. त्याच रेल्वेने जुन्या घोडागाडीच्या मार्गावरची मोठी पथिकगृहं मात्र ओस पाडली. माणसं जिथून जातात तिथं पब जगतो. रेल्वेने माणसांची वाट बदलली, पबांनाही आपलं दार बदलावं लागलं.

बर्नी आर्म्सच्या बाबतीत हे आणखी गुंतागुंतीचं झालं. स्टेशनाने या पबाला थेट गिऱ्हाईक फारसं दिलंच नाही, कारण गाड्याच मोजक्या थांबत. उलट रेल्वेने नदीवरचा माल पळवला आणि व्हेरी हळूहळू संपत गेल्या. आज त्यांतल्या दोनच पाण्यावर उरल्या आहेत: १८९८ची 'अल्बियन' आणि १८९९ची 'मॉड'. म्हणजे रेल्वेने पबाचं मुख्य गिऱ्हाईक काढून घेतलं. पण तिनेच दुसऱ्या बाजूने नवं आणून दिलं. लंडनहून लोक गाडीने नॉरफोकला येऊ लागले, कारण इथल्या नद्या आणि तळी, ज्यांना ब्रॉड्स म्हणतात, शिडाच्या होडीतून फिरायला सुंदर आहेत. जॉन लॉयन्स नावाच्या सुताराने नॉरिचमध्ये होड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि पुढे तो रॉक्सम गावी, तिथल्या स्टेशनाजवळ गेला. १९०८ साली ब्लेक्स ही एजन्सी सुरू झाली. होडीचं आगाऊ आरक्षण, छापील माहितीपत्रक, रेल्वेने येणाऱ्या कुटुंबाची आठवडाभराची सुटी. हीच कुटुंबं मग होडीतून बर्नी आर्म्सच्या धक्क्याला लागू लागली. पबापासून अर्ध्या मैलावर स्टेशन, पण रेल्वेने आणलेलं गिऱ्हाईक आलं ते कितीतरी मैल दूरच्या स्टेशनावर उतरून, पाण्याच्या वाटेने.

आता वाट पाहण्याविषयी. बर्नी आर्म्सच्या जरा खाली येअर आणि वेव्हनी या नद्या मिळतात आणि ब्रेडन वॉटर सुरू होतं. हे तळं वाटतं, पण ती खाडी आहे. सुमारे तीन मैल लांब, भरतीला पसरलेलं पाणी आणि ओहोटीला दोन्हीकडे चिखलाची मैदानं. मधून खोल पाण्याचा एक पट्टा, दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवे खांब. खांबाबाहेर गेलात की होडी चिखलात रुतली, मग पुढच्या भरतीपर्यंत तिथंच. पलीकडे ग्रेट यार्मथ आहे. उत्तरेकडच्या ब्रॉड्समध्ये जायचं तर यार्मथच्या ठेंगण्या पुलांखालून ब्युअर नदीत वळावं लागतं. पाणी वर असेल तर होडी पुलाखाली मावत नाही, आणि पाणी जोरात वाहत असेल तर होडी आवरत नाही. म्हणून ओहोटी संपून पाणी थबकतं तेवढी थोडी वेळ साधावी लागते. ही वेळ रोज पुढे सरकते. आज सकाळी दहाला असेल तर उद्या अकराच्या आसपास.

मग दक्षिणेकडून आलेला होडीवाला काय करणार? खाडीच्या तोंडाशी शेवटचा चांगला धक्का बर्नी आर्म्सचा. तिथं होडी बांधायची, वेळापत्रक पाहायचं आणि थांबायचं. उलट दिशेने खाडी ओलांडून आलेल्यालाही सुटकेचा श्वास टाकायला पहिला थांबा हाच. पबाचं दार समोर. कर्जतला बटाटेवडा का प्रसिद्ध झाला हे आठवा. घाट चढायला मागे बँकर इंजिनं जोडावी लागत, गाडी थांबे, आणि थांबलेल्या माणसाला भूक लागते. बर्नी आर्म्सला गाडीऐवजी होड्या थांबत आणि घाटाऐवजी ओहोटी आडवी येई. जागा निवडताना चंद्राच्या तालावर चालणारा असा गिऱ्हाइकांचा झरा मिळणं, हे मोठं नशीब.

पण झरा ऋतूचा होता. उन्हाळ्यात धक्का भरलेला, हिवाळ्यात वारा आणि बदकं. आणि पबातल्या खऱ्या बिअरला असा गिऱ्हाईक नसलेला हिवाळा सोसत नाही. हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ही बिअर म्हणजे पारंपरिक इंग्लिश एल, ती पिंपात आल्यावरही जिवंत असते. यीस्ट आत असतो आणि तो काम करत राहतो. पिंप आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी पाचरी लावायच्या, म्हणजे ते हलणार नाही. वरच्या भोकात लाकडाची मऊ खुंटी ठोकायची, तिच्यातून फेस बाहेर येत राहतो. तो शांत झाला की कडक खुंटी. गाळ तळाशी बसायला एखादा दिवस. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं, फार गार झालं तर बिअर गढूळ दिसते. मग पुढच्या भोकावर नळ धरून लाकडी हातोडीचा एकच नेमका ठोका. तो चुकला तर बिअर अंगावर. आणि एकदा हवा आत गेली की घड्याळ सुरू. साधारण तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे, नाहीतर चव उतरते, मग आंबट.

पबात येणारं लहान पिंप म्हणजे फर्किन: ९ गॅलन, ७२ पिंट. एक पिंट म्हणजे ५६८ मिली. तीन दिवसांत ७२, म्हणजे दिवसाला २४ ग्लास. गावातल्या पबाला हे काहीच नाही. पण जिथं जानेवारीत एखाद्या दिवशी दोन पक्षीनिरीक्षक आणि एक वाट चालणारा येतो, तिथं २४ ग्लास आणायचे कुठून? अर्धं पिंप ओतून द्यायचं म्हणजे नफा ओतून द्यायचा. त्यात ही पिंपं इथवर पोचवायची खटपट, आणि खाजणातल्या पायवाटांवर पावसात काय होतं ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

वेळेचा कायदाही असाच आडवा येई. व्हिक्टोरियन काळात रविवारी पब ठरावीक वेळेपुरते उघडत, पण खऱ्या प्रवाशाला बंद वेळेतही देण्याची मुभा होती. आदल्या रात्री जिथं झोपला तिथून किमान तीन मैल आलेला तो प्रवासी, अशी व्याख्या. रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही स्टेशनातल्या उपाहारगृहात सूट होती. बर्नी आर्म्ससारख्या ठिकाणी येणारा जवळजवळ प्रत्येक जण प्रवासीच! पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून १९१५पासून दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम आला. १९२१च्या कायद्याने प्रवाशाची सूट गेली आणि दुपारची बंदी कायम झाली, ती १९८८पर्यंत टिकली. भरती-ओहोटी मात्र सरकारचं घड्याळ पाळत नाही. तीनला धक्क्याला लागलेल्या होडीतल्या माणसाला बंद दार पाहावं लागायचं आणि दार उघडेपर्यंत त्याची खाडी ओलांडायची वेळ झालेली असायची.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: बांधलेला पब. परवाने मर्यादित झाले तसे दारूभट्टीवाल्यांनी पबच विकत घ्यायला सुरुवात केली. चालक भाडेकरू, आणि करार असा की बिअर फक्त मालकाच्या भट्टीचीच विकायची. भाडं कमी, पण पिंप महाग. १९६३ साली लंडनच्या वॉटनी मॅन कंपनीने नॉरिचच्या दोन मोठ्या भट्ट्या, बुलर्ड्स आणि स्टुअर्ड अँड पॅटेसन, एकदमच घेतल्या, आणि त्यांच्याबरोबर नॉरफोकमधले बहुतेक पब. यार्मथची लेकन्स भट्टी १९६५ साली व्हिटब्रेडकडे गेली. मोठ्या शहरातल्या कचेरीतून पाहिलं की खेड्यातला छोटा पब हा यादीतला एक तोट्याचा आकडा दिसतो. असे अनेक पब विकले गेले किंवा बंद झाले. जिवंत एलच्या जागी वायू भरलेली, न बिघडणारी बिअर आली, आणि तिच्या विरोधात १९७१ साली 'कॅम्रा' ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. १९८९ साली सरकारने कायदा करून २,०००पेक्षा जास्त पब असलेल्या भट्ट्यांना जादाच्या निम्म्या पबांवरची सक्ती सोडायला लावलं. भट्ट्यांनी पब विकले, ते पब फक्त मालमत्ता सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांनी घेतले, आणि भाडेकरूच्या गळ्यातला फास सैल झाला नाही. बरं करायला गेलेला कायदा असा वाकडा गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

२००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते. आता ४५,०००च्या आसपास आहेत. बर्नी आर्म्सचा पब २०१०च्या दशकाच्या मध्यावर बंद झाला. स्टेशन बंद करायचं तर कायद्याने नोटीस काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, सुनावणीसारखी लांबलचक प्रक्रिया होते, इतकी की कंपन्या बंद करण्यापेक्षा दिवसाला दोन गाड्या थांबवणं पसंत करतात. पब बंद करायला कुलूप पुरतं. २०११च्या कायद्याने गावकऱ्यांना आपला पब 'समाजाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो, तो विकायला निघाला तर पैसे जमवायला सहा महिने मिळतात, आणि अनेक खेड्यांनी वर्गणी काढून असे पब वाचवले आहेत. २०१७पासून इंग्लंडमध्ये पबाचं दुकान किंवा कचेरी करायला नियोजन परवानगी लागते. पण वर्गणी काढायला गाव लागतं. इथं गाव नव्हतं. होडीवाले दरवर्षी नवे, चालणारे कुठून कुठून आलेले, आणि ज्यांना या पबाची आठवण आहे ते सगळे दुसरीकडे राहतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सिग्नल बदलण्याच्या कामासाठी या स्टेशनावरून जाणारा रीडहॅम ते यार्मथ हा मार्ग बंद झाला, तो फेब्रुवारी २०२० पर्यंत. त्यामुळे २०१९-२० या वर्षात बर्नी आर्म्स स्टेशनावर मोजून ४२ प्रवासी नोंदले गेले, त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वांत कमी. काम संपलं, नवे सिग्नल लागले, आणि हात दाखवला की थांबणारी गाडी पुन्हा त्या आखूड फलाटाशी येऊ लागली.